उंदरानं खाल्लेला इंच

पहिली नोकरी, पहिली भाड्याची खोली आणि पहिला डोक्याचा ताप ही तिन्ही मला एकाच दिवशी मिळाली. लढाईचे दिवस होते. रॉकेल रेशनवर, साखर नशिबावर. सांगलीच्या बाजूला एका तालुक्याच्या गावी मी हायस्कुलात गणित शिकवायला रुजू झालो आणि शाळेच्या शिपायाने सांगितलेल्या पत्त्यावर खोली बघायला गेलो. त्या काळी घरमालक भाडेकरूची जात विचारत, पगार विचारत, लग्न झालंय का ते विचारत. ह्या मालकांनी यातलं काही विचारलं नाही. त्यांनी गळ्यातली शिंप्याची फीत काढली आणि म्हणाले, "हात वर करा, मास्तर."

मी हात वर केले. का केले, ते मला आजही सांगता येत नाही. त्यांनी माझ्या छातीभोवती फीत गुंडाळली, आकडा बघितला, "श्वास घ्या" म्हणाले, पुन्हा बघितला आणि आत तोंड करून बायकोला ओरडून सांगितलं, "आगं, खोली दे ह्यास्नी. बिचाऱ्याला हवा पायजे."

त्यांचं नाव मी सांगत नाही. त्यांची नातवंडं शहाणी निघाली आहेत. गाव त्यांना वस्ताद म्हणे, म्हणून मीही म्हणतो. घरामागच्या परड्यात त्यांनी पत्र्याची तालीम उभारली होती. तांबडी माती, कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती, भिंतीला टेकलेल्या, खांद्यावरून फिरवायच्या जड करेला आणि लाकडी जोडी. शाळेतली निम्मी मोठी पोरं पहाटेपासून तिथं जोर-बैठका मारत आणि मग माझ्या वर्गात येऊन बाकावर मान टाकून झोपत. मी भूमितीचं प्रमेय सांगतोय आणि मागच्या बाकावर दंडाला दंड लावून दोघं घोरताहेत, हा माझा रोजचा देखावा होता. एकदा एकाला उठवून फळ्याकडे बोलावलं, तर त्याला मांड्या भरून आल्यामुळे बाकातून निघताच येईना.

मी वस्तादांकडे तक्रार केली. ते म्हणाले, "वाचून कुनाची मांडी भरली, मास्तर? एक नाव सांगा."

अशा माणसाशी वाद घालायचा म्हणजे आपणच मूर्ख ठरायची तयारी ठेवायला हवी.

गंमत अशी की स्वतः वस्ताद काठीसारखे. त्यांना एक जोर मारताना मी कधी पाहिलं नाही. कुस्ती तर लांबच राहिली. पण दुसऱ्याच्या अंगाची त्यांना विलक्षण पारख. रस्त्यात भेटलेल्या माणसाला रामराम करायच्या आधी ते अंगठ्यानं त्याचा दंड दाबून बघत. लग्नात नवरदेवाला मिठी मारायच्या निमित्ताने त्यांनी त्याची छाती मोजली होती आणि मुलीच्या बापाला बाजूला घेऊन "बरा हाय" असा निर्वाळा दिला होता. गोठ्यातल्या म्हशीलाही फीत लावायचे. बदली होऊन आलेले मामलेदार पहिल्या भेटीत फितीपासून सुटले, कारण ते फार जाड होते आणि फीत पुरली नसती.

ही फीत कुठून आली ते एकदा आक्कांनी, म्हणजे मालकीणबाईंनी, मला भाकरी वाढता वाढता सांगितलं. मागच्या लढाईत वस्ताद साताऱ्याला भरतीला गेले होते. बरोबर गावातले सोबती होते. सोबती पास झाले, हे छातीत कमी पडले. परत येताना पेठेतून त्यांनी फीत विकत घेतली. वस्ताद अंगणात बसून ऐकत होते. ते तिथूनच म्हणाले, "डाक्टरानं माझ्या तोंडाकडं बघितलंबी न्हाई. फितीकडं बघितलं आन् म्हनला, फुडला." एवढं बोलून ते उठून तालमीत गेले. त्या दिवशी मला त्यांचा राग आला नाही. पण तो दिवस अपवादाचा.

मी राहायला गेलो त्याच आषाढात त्यांना नवा शोध लागला. पाणी हे अंगाचं वाटोळं करतं. कुठल्या तरी जत्रेत भेटलेल्या बैराग्याने त्यांना सांगितलं होतं की उंट पाणी कमी पितो म्हणून त्याची हाडं मजबूत. झालं. तालमीतल्या पोरांना उठल्यापासून ऊन डोक्यावर येईपर्यंत पाणी बंद. घाम गाळायचा, बदाम खायचे असतील तर खायचे, तूप प्यायचं असेल तर प्यायचं, पण पाण्याचा थेंब नाही. "पानी पिनारा पैलवान म्हंजी भिजल्याली भाकरी," असं ते म्हणत. पोरं कोरड्या ओठांनी हसत आणि पुन्हा बैठकांना लागत. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला छाती वाढेल म्हणून सांगा, तो विस्तवही गिळेल. त्यातल्या एकाने आधीच बाजारात भस्म विकणाऱ्याकडून पाऱ्याची पुडी आणून दुधातून घेतली होती. त्याच्या हिरड्या सुजून त्याला महिनाभर पेज प्यावी लागली. वस्तादांनी त्याला मारुतीसमोर उभं करून झापलं. "असलं काय खायचं न्हाई. पानी बंद केलंय तेवढं बास हाय," म्हणाले.

आषाढात ते फीत पेटीत ठेवून देत. वाढत्या अंगाला पावसाळ्यात फीत लावली तर दृष्ट लागते, असा त्यांचा नियम. ती बाहेर निघायची दसऱ्याला. लोक शस्त्रांची पूजा करत, वस्ताद करेला, जोडी आणि फीत पाटावर मांडून हळदकुंकू वाहत आणि मग आपट्याची पानं वाटायच्या आधी सगळ्यांच्या छात्या मोजत.

त्या दसऱ्याला चमत्कार झाला. तालमीतल्या प्रत्येक पोराची छाती एक इंचानं वाढली होती. एकाचीही अर्धा नाही, एकाचीही दीड नाही. वस्तादांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पोरांना उराशी धरलं, गुलाल आणवला, बैराग्याच्या नावानं नारळ फोडला. मग उत्साहात त्यांनी माझीही छाती मोजली. तीही एक इंचानं वाढली होती.

"मी तर दिवसभर पाणी पितो," मी म्हणालो.

"आमच्या घरातली हवा," वस्ताद म्हणाले.

मग त्यांनी म्हशीला फीत लावली. म्हैससुद्धा इंचानं वाढली होती. तिच्याकडे बोट करून ते "ही बघा, हिलाबी कळतंय" म्हणाले. मी गणिताचा माणूस. मी ती फीत हातात घेऊन बघितली. तिच्या टोकाचं पितळी पान नव्हतं आणि पहिला इंचही नव्हता. पेटीत उंदीर शिरला होता. फीत एकाच्या आकड्यापासून सुरू होत होती.

मी त्यांना ते दाखवलं. शांतपणे, मुलांना समजावतो तसं, पाटीवर आकृती काढून समजावलं. वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "एकाच्या आधी काय असतंय, मास्तर?"

"शून्य."

"शून्य म्हंजी?"

"म्हणजे काही नाही."

"मग उंदरानं काय खाल्लं? काय न्हाई ते खाल्लं. आकडं तर सगळं हायती."

आजूबाजूची पोरं खदखदून हसली. माझीच पोरं, माझ्याच वर्गातली. मी पाटी खाली ठेवली आणि माझ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पुढे पुष्कळ वर्षं मी शिकवलं, मोठमोठ्या परीक्षकांशी भांडलो, पण इतकं निरुत्तर मला कोणी केलं नाही.

हिवाळ्यात साताऱ्याला भरती होती. वस्तादांनी तालमीतली तीन पोरं निवडून पाठवली. फितीप्रमाणे तिघंही पास होती. तिघंही परत आली. छाती एक इंच कमी. आता तरी त्यांच्या डोक्यात उजेड पडेल असं मला वाटलं. वस्तादांनी तिघांना ओळीनं उभं केलं, पुन्हा मोजलं, विचार केला आणि जाहीर केलं, "सरकारची फीत खोटी हाय. पर आपन भांडत बसायचं न्हाई. त्यास्नी इंच जास्त पायजे न्हवं, आपन इंच जास्त द्यू."

इथं माझी चेष्टा संपते. कारण त्या तिघांत ज्ञानू होता.

ज्ञानू माझ्या वर्गातला. जवळच्या वाडीवरून चालत येई. बाप पलटणीत, तिकडे ब्रह्मदेशाच्या बाजूला कुठे तरी. घरी आई आणि थोडी जमीन. ज्ञानूच्या डोक्यात एकच खूळ होतं, बापाच्या पलटणीत जायचं. त्याला बीजगणित चांगलं यायचं. मी त्याला मॅट्रिक होऊन कारकुनीत जा, म्हणून किती समजावलं. तो मान खाली घालून म्हणे, "गुरुजी, छाती भरली की जातो. आबा वाट बघत्यात." त्याच्या बापाची पत्रं येणं कधीच थांबलं होतं. आपण तिकडे गेलो तर बाप सापडेल, असं त्याने मनाशी धरलं होतं. हे त्याने मला सांगितलं नाही. पण दुसऱ्या कशाने पोरगं असं पेटत नाही.

साताऱ्याहून नापास होऊन आल्यावर तो वस्तादांच्या शब्दाबाहेर जाईना. घाम जास्त, बैठका जास्त, पाणी आणखी कमी. आक्कांना ते बघवेना. "जेवनात मीठ आन् ह्यास्नी अक्कल, दोन्ही मीच घालायची," असं म्हणून त्यांनी गोठ्यात वैरणीच्या मागे एक माठ भरून ठेवला. पोरं शेण भरायच्या निमित्ताने जात आणि घटाघट पाणी पिऊन तोंड पुसत येत. वस्ताद खूष, की पोरं अचानक गोठ्याच्या कामाला कशी लागली. ज्ञानू तेवढा कधी गोठ्याकडे गेला नाही. मी एकदा त्याला हाताला धरून नेलं. त्यानं माठाकडे बघितलं आणि म्हणाला, "आई शप्पत घेतलीया, गुरुजी."

हनुमान जयंती आली. त्या तालमीची रीत अशी की मारुतीचा जन्म झाल्यावर सगळ्या पोरांनी मूर्तीसमोर एकदम बैठकांना सुरुवात करायची. जो शेवटपर्यंत उभा राहील त्याला मानाचा नारळ. जुनी रीत, आणि त्यात वाईट काही नव्हतं. दरवर्षी दमलेली पोरं हसत मातीत लोळत आणि नारळ घेणाऱ्याला खांद्यावर घेत. वस्तादांनी त्या वर्षी तिला निर्जळी जोडली. आदल्या संध्याकाळपासून कोणी पाणी प्यायचं नाही. आणि त्याच संध्याकाळी त्यांना गोठ्यातला माठ सापडला. ते कोणाला काही बोलले नाहीत. माठ उचलून त्यांनी तुळशीला ओतला.

चैत्राचं ऊन, पत्र्याचं छप्पर. एक एक पोरगं बसत गेलं. शेवटी ज्ञानू एकटा राहिला आणि तरी थांबेना. त्यानं किती बैठका मारल्या, तो आकडा मी सांगत नाही. गावात तीन आकडे फिरतात आणि तिन्ही खोटे आहेत. मी "थांबव रे" म्हणून ओरडलो. वस्तादांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते ज्ञानूकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की बैठका ज्ञानू मारत नाही, ते स्वतःच मारताहेत.

नारळ ज्ञानूला मिळाला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, खाली ठेवलं तेव्हा त्याचे पाय धरेनात. माझ्याच खोलीत त्याला निजवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या मांड्या लाकडासारख्या कडक झाल्या होत्या आणि त्याला झालेली लघवी काताच्या पाण्यासारखी होती. ती वस्तादांनी बघितली आणि ते आनंदले. खरं सांगतो, आनंदले. "मळ निगाला," म्हणाले. "आता बघा कोंब कसा फुटतोय त्यो." त्यांनी दोन शेजाऱ्यांनाही बोलावून दाखवलं.

मी आयुष्यात कोणावर हात उगारलेला नाही. त्या दिवशी उगारणार होतो. ते राहू दिलं आणि टांगा करून डॉक्टरांना घेऊन आलो. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी ज्ञानूच्या मांड्या दाबल्या, लघवीचं भांडं उजेडात धरून बघितलं आणि वस्तादांना विचारलं, "पाणी कधी प्यालाय हा?"

वस्ताद म्हणाले, "पानी बंद हाय."

"मग माणूसही बंद होईल," डॉक्टर म्हणाले. "मांस फाटलंय त्याचं. त्याची घाण मूत्रपिंडात अडकतीय. पाणी पाजा. पोटात टिकेल तेवढं, थोडं थोडं, सारखं पाजत राहा. लघवी साफ झाली तर पोरगं तुमचं, बंद झाली तर माझ्या हातात काही नाही."

ज्ञानूची आई दुपारी आली. वाडीवरून उन्हातून चालत आली होती. ती रडली नाही, ओरडली नाही. पोराच्या अंगावरून हात फिरवला, त्याचं सुजलेलं तोंड बघितलं आणि वस्तादांना म्हणाली, "वस्ताद, पोराला पलटनीत धाडायचं म्हनून तुमच्याकडं दिलं. आता निदान घरी तरी धाडा."

मग आक्का गोठ्यातून तो माठ घेऊन आल्या. भरलेला होता. त्यांनी तो नवऱ्याच्या पुढ्यात ठेवला, त्यावर लांब दांड्याचं ओगराळं ठेवलं आणि म्हणाल्या, "घ्या. पाजा आता."

त्यांनी पाजलं. उशाशी बसून, ओगराळ्यानं, लहान पोराला पाजावं तसं. ज्ञानू ओकला की तोंड पुसत आणि पुन्हा पाजत. मी त्यांच्या जागी बसायला गेलो तर मला खांद्यानं ढकललं. जेवले नाहीत, तालमीत गेले नाहीत. भांडं उजेडात धरून बघायचं काम मात्र माझ्याकडे दिलं. त्यांचं त्यांना बघवत नव्हतं. कात होता, मग चहा झाला, मग हळूहळू गवताच्या काडीचा रंग आला. त्या दिवशी मी बाहेर येऊन "साफ आहे" म्हणालो, तेव्हा ते अंगणात उकिडवे बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली आणि आक्कांना म्हणाले, "माट भर."

ज्ञानू वाचला. पण अंग गेलं. भरतीचं नाव त्यानंतर कोणी काढलं नाही. पायऱ्या चढला की त्याला धाप लागे, उन्हात चेहरा सुजे. बापाचं काय झालं ते कधीच कळलं नाही. ज्ञानू वाडीवरच राहिला.

पुढे माझी बदली साताऱ्याला झाली आणि मी सुटलो. निघायच्या दिवशी मनात साठलेलं सगळं मी वस्तादांना ऐकवलं. तुमच्या हट्टापायी पोरगं मरत होतं, म्हणालो. त्यांनी माझी वळकटी टांग्यात ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, तालमीतली नंतर दोघं पास झाली. दोघंबी ब्रह्मदेशात ऱ्हायली. ज्ञानू माझ्यामुळंच घरी हाय."

आता ह्या माणसाला काय करावं? राग धरावा तर त्यानं तो धरू तरी द्यायला हवा. मी साताऱ्यापर्यंत दात खात गेलो.

पाच-सहा वर्षांनी एका लग्नासाठी त्या गावावरून जायचा योग आला. चैत्रच होता. नाक्यावर मोटार थांबली तर लिंबाखाली एक मांडव, वाळूत रोवलेले रांजण आणि रांजणांमागे वस्ताद. पाणपोई त्यांची. केस पांढरे, बाकी काठीची काठीच. त्यांनी मला ओळखलं, रामराम केला नाही, सरळ म्हणाले, "ओंजळ धरा."

मी नुकताच पाणी प्यालो होतो. तसं सांगितलं. ते ऐकायला ते कुठे बसलेत? मोटारीतल्या प्रत्येकाला उतरवून त्यांनी पाणी पाजलं. एक म्हातारी नको नको म्हणत होती, तिलाही सोडलं नाही. ड्रायव्हर भोंगा वाजवून थकला. "पानी हाय तर मानूस हाय," असं त्यांचं नवं वचन होतं, आणि ते अशा थाटात सांगत की जगाला पाणी आधी ठाऊकच नव्हतं. मला वाटलं, हा माणूस आधी पाण्यावाचून मारत होता, आता पाण्यात बुडवून मारणार.

मग माझं लक्ष ओगराळ्याकडे गेलं. कोणी पळवू नये म्हणून ते मांडवाच्या मेढीला बांधलं होतं. शिंप्याच्या फितीनं. मळून काळी झालेली, पण आकडे ओळखू येत होते.

"फीत?" मी विचारलं.

"दोरी घावंना," वस्ताद म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले.

तेवढ्यात वाडीकडून ज्ञानू आला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, अंगानं सुटलेला, हळू चालत होता. मला बघून त्यानं वाकून नमस्कार केला. आता वस्ताद त्याचा दंड दाबतील म्हणून मी बघत राहिलो. त्यांनी दाबला नाही. त्यांनी ओगराळं रांजणात बुडवलं.

"गुरुजी, रोज ह्यो तरास हाय," ज्ञानू हळूच मला म्हणाला. "घरातनं पिऊन आलो तरी सोडत न्हाईत." आणि त्यानं ओंजळ धरली.

धार पडू लागली. थोडं प्याल्यावर ज्ञानूनं रीतीप्रमाणे मान हलवली, म्हणजे पुरे. वस्ताद ओततच राहिले. पाणी ओंजळीतून कोपरावर, कोपरावरून वाळूत चाललं होतं.

"आजून घे रं," वस्ताद म्हणाले.

ज्ञानूला तहान नव्हती. तो प्यायला.